पैसा जनतेचा, पाणीही जनतेचे! चेसापीक उपसागराचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड नावाचे एक छोटे राज्य आहे. २००४ साली या राज्याने घरोघरच्या सांडपाण्यावर एक नवा आकार बसवला. महिन्याला अडीच डॉलर, वर्षाला तीस. कशासाठी? तर संडासातून, मोरीतून आणि न्हाणीघरातून वाहून जाणारे पाणी नदीत सोडण्याआधी आणखी स्वच्छ करता यावे यासाठी. कायद्यातले त्याचे नाव उपसागर पुनरुज्जीवन निधी असे भारदस्त होते. पण लोकांनी थट्टेने त्याला ‘फ्लश टॅक्स’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रॉबर्ट एर्लिक हे रिपब्लिकन पक्षाचे. नवे कर नकोत, असे सांगत मते मागणारा हा पक्ष. पुढे २०१२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांच्या काळात हा आकार दुप्पट, म्हणजे वर्षाला साठ डॉलर झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष संडासाच्या पाण्यावर मात्र एकमत झाले!

वाचक बंधुभगिनींनो, सातासमुद्रापलीकडच्या या कराची गोष्ट आम्ही आज का सांगतो आहोत? कारण या एका करामागे असे प्रश्न आहेत, जे आपल्याही वस्तीतल्या नळाशी आणि गटाराशी येऊन थांबतात. पाणी घाण कोण करतो? त्याचे भोग कोणाच्या वाट्याला येतात? ते साफ करायला पैसा कोणाचा लागतो? आणि जनतेचा पैसा खर्च झाल्यावर पाणी खरोखर साफ झाले की नाही, हे विचारायचे कोणी? चेसापीक उपसागराच्या काठच्या लोकांनी हे प्रश्न गेली पन्नास वर्षे विचारले आहेत. काही ठिकाणी त्यांना यश आले, काही ठिकाणी हात टेकावे लागले. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

शेतात अमृत, पाण्यात विष

आधी रोग समजून घेऊ. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द पाठ असतात. युरियाच्या गोणीत नत्र असते, डीएपीच्या गोणीत नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात. पिकाला ते हवेच. पण गोणीभर खत टाकले म्हणजे गोणीभर पिकाच्या पोटात गेले, असे होत नाही. उरलेले नत्र पाण्यात विरघळून जमिनीखाली उतरते आणि झऱ्यांवाटे ओढ्यात येते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. जनावरांच्या शेणात, कोंबड्यांच्या विष्ठेत आणि माणसाच्या मैल्यातही हीच द्रव्ये असतात. काही काळ ती कपडे धुण्याच्या पावडरीतूनही मोठ्या प्रमाणात येत होती.

ही द्रव्ये पाण्यात गेली की तिथेही आपले काम चोख करतात. फक्त तिथे पीक येते ते शेवाळाचे. पाणी हिरवे, गढूळ होते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तळाचे पाणगवत मरते. त्या गवतात माशांची आणि खेकड्यांची पिल्ले लपत असतात, त्यांचे घर जाते. पुढे शेवाळही मरून तळाला बसते. ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मग ज्या प्राण्याला पळता येते तो पळतो. कालवासारखा जो जागचा हलू शकत नाही, तो तिथेच गुदमरतो. उन्हाळ्यात उपसागराच्या खोल भागात असे प्राणवायूविना पट्टे तयार होतात. त्यांना ‘मृत क्षेत्र’ असे नाव आहे.

म्हणजे इथे विष कारखान्यातल्या कुठल्या नळीतून आलेले नाही. जे शेतात अमृत, तेच जागा चुकल्यामुळे विष झाले. म्हणूनच याचा बंदोबस्त कठीण. चोर एक असता तर पकडता आला असता. इथे लाखो घरे आणि हजारो शेते आहेत.

वरच्यांची घाण, खालच्यांचे नुकसान

चेसापीक उपसागर सुमारे तीनशे वीस किलोमीटर लांब आहे, पण खोली सरासरी अवघी एकवीस फूट. पसरट परातीसारखा. या परातीत सहा राज्यांचे आणि राजधानी वॉशिंग्टनचे पाणी येऊन पडते. पाणलोट क्षेत्र सुमारे एक लाख पासष्ट हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. वस्ती एक कोटी ऐंशी लाखांवर. एवढ्यांची मोरी एका उथळ परातीत रिकामी होत असेल, तर परातीचे काय होणार?

या पाण्यावर कष्टकऱ्यांच्या पिढ्या जगल्या. होडीवर जाऊन कालवे आणि खेकडे काढणारे ‘वॉटरमेन’, किनाऱ्यावरच्या कारखान्यांत कालवे फोडणारे पुरुष, खेकड्याचे मांस सोडवणाऱ्या बाया. यांत कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा होता. गुलामगिरी तोडून बाहेर पडलेला थोर नेता फ्रेडरिक डग्लस याच उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, टॅलबट काउंटीत जन्मला. आज खेकडे सोडवण्याच्या हंगामी कामाला मेक्सिकोहून बाया येतात. कालवांचा ऱ्हास अतोनात उपशाने आणि रोगाने झाला, पाणी बिघडल्याने त्यात भर पडली. नुकसान झाले ते पाण्यावर पोट असणाऱ्यांचे.

या उपसागराला मिळणारी पटक्संट नावाची नदी आहे. तिचा उगमही मेरीलँडमध्ये आणि मुखही मेरीलँडमध्ये. वरच्या अंगाला बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या शहरांची उपनगरे वाढत गेली आणि त्यांच्या शुद्धीकरण केंद्रांतले अर्धेमुर्धे साफ केलेले पाणी नदीत येऊ लागले. खालच्या अंगाला ब्रूम्स आयलंड या गावी बर्नी फाउलर नावाचा माणूस लहानाचा मोठा झाला होता. तरुणपणी तो खांद्याइतक्या पाण्यात उभा राहून खेकडे धरत असे, तेव्हा त्याला आपली पावले दिसत. पुढे कमरेइतक्या पाण्यातही ती दिसेनात.

फाउलर काउंटीचे आयुक्त झाले. त्यांच्यासह खालच्या अंगाच्या तीन काउंट्यांनी १९७० च्या दशकात राज्य सरकार आणि केंद्राची पर्यावरण संस्था यांना कोर्टात खेचले. म्हणणे साधे होते : वरच्यांनी साखळी ओढून मोकळे व्हायचे आणि खालच्यांनी ताटातले मासे गमवायचे, हा कुठला न्याय? खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नत्रावरही इलाज केला पाहिजे, हे सरकारला मान्य करावे लागले. त्या वेळी काही तज्ज्ञ फक्त स्फुरद काढा म्हणत होते. नत्र काढणे महाग म्हणून ते टाळले जात होते.

पुढे फाउलर राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेले. १९८८ पासून दर वर्षी जून महिन्यात ते पांढरे बूट घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात धरून नदीत उतरत. बूट दिसेनासे झाले की थांबायचे आणि पाणी किती खोल आहे ते पट्टीने मोजायचे. लोक त्याला बुटांचा निर्देशांक म्हणू लागले. प्रयोगशाळेचे आकडे सामान्य माणसाला समजत नाहीत, पण बूट दिसतात की नाही हे लहान पोरालाही कळते. सत्तेवरच्यांना लाजवणारे याहून साधे साधन आम्हाला ठाऊक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सत्त्याण्णव्या वर्षी फाउलर वारले. काही वर्षी बूट अधिक खोलवर दिसले, काही वर्षी कमी. पण तरुणपणीची ती खांद्याइतकी खोली त्यांना पुन्हा पाहायला मिळाली नाही.

नळीच्या तोंडाशी कायदा

आता पैशाकडे वळू. १९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्च फार म्हणून तो नाकारला होता, पण संसदेने त्यांचा नकार धुडकावून कायदा मंजूर केला. या कायद्याने दोन गोष्टी बरोबर केल्या. परवान्याशिवाय कोणीही नळीतून नदीत पाणी सोडायचे नाही, असा दंडक घातला. आणि गावांना, शहरांना शुद्धीकरण केंद्रे बांधायला केंद्राच्या तिजोरीतून शंभरातले पंचाहत्तर डॉलर दिले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पैसा.

१९८७ साली अनुदानाऐवजी कर्जाची पद्धत आली. प्रत्येक राज्यात एक फिरता निधी उभारला गेला. तो आपल्या पतपेढीसारखा चालतो. एका गावाने स्वस्त व्याजाने कर्ज घ्यायचे, केंद्र बांधायचे आणि हप्ते फेडायचे. आलेल्या हप्त्यांतून पुढच्या गावाला कर्ज. पैसा फिरत राहतो, पण शेवटी हप्ता गावकऱ्यांच्या पाणीबिलातूनच जातो, हेही लक्षात ठेवावे.

जुन्या पद्धतीच्या केंद्रात घन मैला वेगळा होतो आणि दुर्गंधी जाते, पण नत्र आणि स्फुरद बरेचसे तसेच नदीत जातात. ते काढण्याची रीत मोठी चतुर आहे. आधी हवा खेळवलेल्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. मग तेच पाणी हवा बंद केलेल्या टाकीत नेतात. तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेट फोडतात आणि नत्र वायू होऊन हवेत निघून जाते. आपण श्वासात घेतो त्या हवेत चार भागांतले तीन भाग नत्रच आहे, त्यामुळे तिथे ते निरुपद्रवी. स्फुरद असे उडून जात नाही. त्याला तुरटीसारख्या क्षाराने गाळात बसवावे लागते. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, तेच तत्त्व. पण तो गाळ पुढे कुठे टाकला जातो, यावरही लक्ष ठेवावे लागते. नाहीतर दाराने काढलेले खिडकीतून परत यायचे.

मेरीलँडच्या फ्लश टॅक्सचा पैसा मुख्यतः याच कामाला लागला. राज्यातली सदुसष्ट मोठी केंद्रे निवडली. साध्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला सुमारे अठरा मिलिग्रॅम नत्र असे, ते तीनवर आणायचे. स्फुरद तीन मिलिग्रॅमवरून शून्य दशांश तीनवर. एक-एक करत जवळपास सर्व केंद्रांचे काम झाले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने या करात दोन गोष्टी चांगल्या आहेत. पहिली, हा पैसा वेगळ्या निधीत ठेवण्याची आणि त्यातून काय झाले ते सांगण्याची कायद्यात तरतूद आहे. दुसरी, ज्या कुटुंबाला हा आकार झेपत नाही, त्याला अर्ज करून सूट मिळू शकते. एक गोष्ट मात्र खटकते. छोट्या खोलीत राहणारे कुटुंब आणि मोठ्या बागेचा बंगला असलेले कुटुंब, दोघांनाही आकार सारखाच. सूट मागायला अर्ज करावा लागतो, बंगलेवाल्याला काहीच करावे लागत नाही.

फळ मिळाले का? मिळाले. संपूर्ण पाणलोटातल्या सांडपाणी केंद्रांनी २०२५ साठी ठरवलेले लक्ष्य २०१६ सालीच गाठले. एक उदाहरण बिनखर्चाचेही आहे. १९८५ साली मेरीलँडने कपडे धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदावर बंदी घातली, शेजारच्या राज्यांनी पुढील पाच वर्षांत तेच केले. कपडे पूर्वीसारखेच निघत राहिले आणि केंद्रांवरचा स्फुरदाचा भार हलका झाला. म्हणजे जिथे नळी होती, मोजमाप होते आणि कायद्याची सक्ती होती, तिथे जनतेच्या पैशाने आपले काम केले.

शेतकऱ्याला पैसे का द्यायचे?

शेताला नळी नसते. पाऊस पडला की सगळ्या बांधावरून पाणी वाहते. १९७२ च्या कायद्याने शेतावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला परवान्यातून सूट दिली आहे. जनावरांचे आणि कोंबड्यांचे मोठे गोठे तेवढे परवान्याच्या कक्षेत येतात. बाकीच्या शेतकऱ्याला बहुतेक ठिकाणी हुकूम करता येत नाही, समजावता येते. आणि समजावताना पैसा द्यावा लागतो.

यात गैर काही नाही. धान्याचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. ओढ्याकाठची वीस हात जमीन झाडांसाठी सोड, म्हणणे सोपे आहे. तेवढ्या जमिनीचे पीक त्याचे बुडते आणि फायदा दीडशे मैलांवरच्या खेकडेवाल्याला होतो. मग खर्चाचा भार सर्वांनी वाटून घ्यावा, हे रास्तच. म्हणून मेरीलँडमध्ये १९८० च्या दशकापासून शेणाचे खड्डे पक्के करणे, ओढ्याला कुंपण घालून गुरे पाण्याबाहेर ठेवणे, उतारावर गवताच्या पट्ट्या राखणे, अशा कामांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते.

सगळ्यांत गाजलेली योजना आच्छादन पिकाची. शरद ऋतूत मका निघाला की जमीन उघडी पडते आणि उरलेले नत्र हिवाळ्याच्या पावसाबर्फाने खाली उतरते. तेव्हा लगेच राय, गहू किंवा सातू पेरायचा. खत घालायचे नाही. मुळे उरलेले नत्र शोषून घेतात आणि माती धरून ठेवतात. यासाठी शेतकऱ्याला एकरी पैसे मिळतात. त्याने पेरणीचा दाखला द्यायचा आणि जिल्ह्याच्या मृदसंधारण कार्यालयाने खातरजमा करायची. या पिकाखाली दर वर्षी लाखो एकर येतात. सेप्टिक टाकी असलेली घरे जो फ्लश टॅक्स भरतात, त्यातला चाळीस टक्के पैसा या पिकाला जातो आणि साठ टक्के टाक्या सुधारायला. म्हणजे घरातल्या संडासाच्या कराने शेतातला सातू उगवतो!

कोंबड्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर कोंबडीपालनाचा प्रचंड धंदा आहे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, वाढलेली कोंबडी कंपनीची. शेड आणि शेडचे कर्ज शेतकऱ्याचे. आणि विष्ठा? तीही शेतकऱ्याची! वर्षानुवर्षे ती जवळच्याच शेतांत पडली आणि जमीन स्फुरदाने तुडुंब झाली. १९९७ साली पोकोमोक नदीत अंगावर जखमा असलेले मासे सापडू लागले, कोळ्यांनी विसरभोळेपणाच्या तक्रारी केल्या. फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर संशय घेतला गेला आणि नद्यांचे काही भाग बंद करावे लागले. त्या घबराटीतून १९९८ साली कायदा झाला. खत किती घालायचे याचा आराखडा शेतकऱ्यांना सक्तीचा झाला. जास्तीचे कोंबडीखत दूरच्या शेतांवर नेण्यासाठी सरकार पैसा देऊ लागले, त्यात कंपन्यांचाही वाटा घेतला जातो. पण मूळ प्रश्न उरतोच. नफा ज्याचा, त्याच्या घाणीची जबाबदारी जनतेने किती काळ वाहायची?

पैसा दिला, पण नदी सुधारली का?

१९८३ साली चेसापीकचा पहिला करार झाला. १९८७ च्या करारात २००० सालापर्यंत ही द्रव्ये चाळीस टक्के घटवू, असे वचन होते. ते पुरे झाले नाही. मग २०१० ची मुदत, तीही गेली. अखेर डिसेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने उपसागराला जणू पथ्याचा तक्ता बांधून दिला. वर्षाला नत्र १८ कोटी ५९ लाख पौंड, स्फुरद १ कोटी २५ लाख पौंड, याहून अधिक नको. प्रत्येक राज्याला त्याचा वाटा ठरवून दिला आणि सर्व उपाय २०२५ पर्यंत उभे करायला सांगितले. हीही मुदत चुकली. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यांनी करार नव्याने करून पुढची मुदत २०४० केली.

सगळे पाण्यात गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८५ नंतर पाणलोटातली वस्ती लाखांनी वाढली, तरी उपसागरात जाणारे नत्र आणि स्फुरद कमी झाले. २०१७ साली पाणगवताने मोजणीच्या इतिहासात प्रथमच एक लाख एकरांची मजल ओलांडली. पुढे २०१८ आणि २०१९ च्या अतिवृष्टीने त्यातले पुष्कळ गेले. आजारी माणूस उठून बसला, पण अशक्त आहे, तसे हे.

अडले कुठे? मुख्यतः शेतावर. त्यातही पेनसिल्व्हेनियात. सस्क्वेहाना नदी उपसागराला निम्मे गोडे पाणी देते आणि तिचे खोरे बहुतांशी या राज्यात आहे. पण पेनसिल्व्हेनियाला उपसागराचा किनाराच नाही. जिथे मासे मरतात ते पाणी त्याच्या मतदारांना दिसत नाही, म्हणून पैसाही सुटत नव्हता. पटक्संटच्या वरच्या-खालच्यांचा तंटा इथे राज्याराज्यांत आला. २०२० साली मेरीलँड, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन यांनी, केंद्र पेनसिल्व्हेनियाला जाब का विचारत नाही, म्हणून कोर्टात धाव घेतली. २०२२ साली पेनसिल्व्हेनियाने बावीस कोटी डॉलरांचा स्वच्छ ओढे निधी काढला आणि त्यातला मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या मदतीला ठेवला. २०२३ साली खटल्यात तडजोड झाली. कोर्टाची पायरी चढल्याशिवाय तिजोरीचे कुलूप हलत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

त्याच २०२३ साली उपसागराच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने एक परखड अहवाल दिला. त्याचे सार असे, की शेतांवरच्या उपायांतून अपेक्षेइतके प्रदूषण घटलेले नाही. पैसा कामाच्या संख्येवर दिला गेला. किती कुंपणे, किती एकर, किती खड्डे याची नोंद झाली, नदीत किती नत्र कमी झाले याची नाही. जो पुढे आला त्याला मदत मिळाली, ज्याच्या शेतातून सर्वांत जास्त घाण वाहते तो आलाच असे नाही. समितीने सुचवले, की पैसा कामाला नव्हे, परिणामाला द्या आणि जिथे गळती मोठी तिथे आधी द्या. मेरीलँडने २०२१ सालच्या कायद्याने फ्लश टॅक्समधले वर्षाला दोन कोटी डॉलर अशाच रीतीने, प्रत्यक्ष घटलेल्या पौंडांवर देण्याची सोय केली आहे.

यंत्र आले, हात कुठे आहेत?

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुद्दाम लिहायला घेतला, ती सांगतो. बाल्टिमोर शहराचे बॅक रिव्हर शुद्धीकरण केंद्र हे मेरीलँडमधले सर्वांत मोठे. क्षमता दिवसाला सुमारे अडुसष्ट कोटी लिटर, तेरा लाख लोकांची सोय. फ्लश टॅक्सच्या पैशातून त्याला अद्ययावत यंत्रणा मिळाली. तरीही २०२१ साली तपासणीत आढळले, की केंद्रातून मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त नत्र, स्फुरद आणि घन मैला नदीत जातो आहे. यंत्रे बंद पडलेली, टाक्यांत झाडोरा वाढलेला, दुरुस्ती रखडलेली आणि कर्मचाऱ्यांच्या कितीतरी जागा रिकाम्या. मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने कारभारात हस्तक्षेप करून आपली संस्था तिथे पाठवली. पुढे शहराला दंडाची तडजोड मान्य करावी लागली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या क्षेत्राला आम्ही वर यशाचे प्रशस्तिपत्र दिले, त्याच क्षेत्रातले सर्वांत मोठे केंद्र हे! कोट्यवधी डॉलरांची यंत्रणा उभी राहिली. पण ती रात्री-अपरात्री चालवणारा, पंपाचा आवाज बदलला तर ओळखणारा, टाकीतला गाळ वेळेवर काढणारा कामगार पुरेसा नव्हता. बांधकामाला पैसा सहज मिळतो, कारण त्याची कोनशिला बसवता येते. पगाराची, तेलपाण्याची, सुट्या भागांची कोनशिला बसत नाही. त्यामुळे तिथे हात आखडतो.

आपल्या पालिकांत गटारखात्यात, पंपिंग स्टेशनवर, सफाईखात्यात राबणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत. त्यांना हे कोणी समजावून सांगायला नको. कायम कामगाराची जागा रिकामी ठेवायची, ठेकेदाराचा माणूस अर्ध्या पगारावर उभा करायचा, त्याला हातमोजे आणि मुखपट्टीही द्यायची नाही, आणि केंद्र चालत नाही म्हणून पुन्हा नवे केंद्र मंजूर करायचे, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. नदी साफ ठेवणारा कामगार हा खर्च नव्हे, तोच खरा उपाय आहे.

आपण काय विचारायचे?

रोग आपल्याकडेही तोच आहे. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जाते. त्यात शेतांवरून वाहून येणारे खत मिसळते. पाणी हिरवे होते, जलपर्णी पसरते. वरच्यांची साखळी आणि खालच्यांचा हंडा, ही गोष्ट इथेही तशीच आहे. जलपर्णी काढण्याचे ठेके निघतात. पण ती ज्या खतावर वाढते, ते खत पाण्यात येणे थांबत नाही, तोवर ठेकेही थांबणार नाहीत.

तेव्हा आपल्या पालिकेत कोट्यवधींचे शुद्धीकरण केंद्र मंजूर झाल्याची बातमी वाचली, तर टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. आधीचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालते का? बाहेर पडणाऱ्या पाण्यात नत्र आणि स्फुरद किती, हे मोजून लोकांपुढे मांडले जाते का? ते चालवायला कायम कामगार किती, आणि वीज-दुरुस्तीची तरतूद किती वर्षांची? आणि पाणीपट्टीतला वाढीव आकार गरिबाच्या खोलीला आणि धनवानाच्या बंगल्याला सारखाच आहे का? माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आपल्या हाताशी आहे. अर्ज लिहायला वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी पुढे यावे.

गावाकडे शेती असेल त्यांनी माती परीक्षण करूनच खत द्यावे. जे वाहून जाते, ते आपल्याच घामाच्या पैशाने घेतलेले असते. आणि शेतकऱ्याला सरकारी मदत मिळत असेल, तर ती खालच्या गावाच्या पाण्यासाठीही आहे, हे ध्यानात ठेवावे.

चेसापीकच्या पन्नास वर्षांचा हिशेब आम्ही असा लावतो. जनतेचा पैसा नदी साफ करू शकतो. पण त्याच्या बरोबरीने कायदा हवा, मोजमाप हवे आणि राबणाऱ्या हातांना पुरा पगार हवा. यांतले एक जरी गळाले, तरी पैसा वाहून जातो आणि पाणी हिरवेच राहते. सार्वजनिक निधी म्हणजे कोणी केलेले दान नव्हे. त्यात आपल्या पाणीपट्टीचा, आपल्या तेलावरच्या कराचा पैसा आहे. ज्याचा पैसा, त्याने हिशेब मागायचा. त्यात संकोच कसला?